झालरीच्या बाह्या

गोंदियात मास्तर होतो तेव्हा शाळा सुटली की स्टेशनजवळच्या एका हॉटेलात चहाला बसायचो. बिरसीच्या विमानतळावर गोऱ्या शिपायांनी मागे टाकलेली एक तबकडी तिथे रोज वाजायची. मालक म्हणायचा, गाणं क्यूबाचं आहे.

ते ऐकायला एक माणूस यायचा. भिंतीला पाठ लावून, दाराकडे नजर ठेवून बसायचा. पागोटं कधी काढायचा नाही, कारण त्याखाली कमरेपर्यंतचे केस होते. खडी गंमत या खेळात तो बाई होऊन नाचायचा. मंडईच्या जत्रेत जे त्याला शिट्ट्या मारत, तेच दुसऱ्या दिवशी त्याला रस्त्यात गाठत.

तबकडीच्या पुठ्ठ्यावर गाणाऱ्याचं चित्र होतं. काळा माणूस, हातात खुळखुळे. एकदा तो पुठ्ठा माझ्यापुढे धरून त्याने हळूच विचारलं, "गुरुजी, याचा रंग माह्यासारखाच हाय. बाह्यांले झालर बी हाय. याले तिकडं कोणी मारत नसन?"

"नसतील मारत," मी म्हणालो. मला काय माहीत होतं?

आठवड्याभरात काठ्या घेतलेले तिघे दारात उभे राहिले. एकाने मला विचारलं, "मास्टरजी, ये आपके साथ है क्या?"

पागोटंवाला हातात पुठ्ठा धरून माझ्याकडेच बघत होता. मी नाही म्हणून मान हलवली.

त्याने पुठ्ठा टेबलावर पालथा ठेवला, चित्रातल्या माणसाला दिसू नये तसा, आणि स्वतःच बाहेर गेला.

मी चहा संपेपर्यंत बसून राहिलो.