कांड्या आणि कविता

अख्ख्या नागपुरात आमच्या शेजारच्या सरांएवढा वाचलेला माणूस नव्हता, आणि माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईसमोर श्वास रोखून बसणारा माणूसही दुसरा नव्हता. ही साठ-सत्तर सालातली गोष्ट. सर कॉलेजात मराठी शिकवत, कविता लिहीत आणि कवितांचं एक मासिक काढत. त्यात आपली कविता यावी म्हणून पुण्या-मुंबईचे लोक त्यांना आर्जवाची पत्रं लिहीत, आणि ती पत्रं सर बनियनवर, डोक्यावर ओला पंचा टाकून, आमच्याच ओसरीत वाचत. खोडायची त्यांना भारी सवय. माझ्या नणंदेच्या लग्नाची पत्रिका आम्ही मोठ्या मानानं त्यांच्याकडून तपासून घेतली, तर त्यांनी सगळे 'श्रीमान' आणि निम्मे मामा काढून टाकले. पत्रिका फार सुंदर दिसली. मामा मात्र दोन वर्षं रुसले. सायकल त्यांच्याकडे होती, पण तिच्यावर बसलेलं त्यांना कोणी पाहिलं नाही. बसलं की डोक्यातली ओळ तुटते म्हणून ते ती हातात धरून कॉलेजापर्यंत ढकलत नेत.

आमच्या घरी माग होता. माझे मालक लुगडी विणत आणि धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या मी ओसरीत बसून चरख्यावर भरत असे. दर रविवारी सर आलेल्या कविता घेऊन येत, खांबाला टेकून बसत आणि एकेक मोठ्यानं वाचत. मला वाटे, घरी त्यांच्या बाई ओरडतात म्हणून इथे येत असतील. मी पदर ओढून चाक फिरवत राही. कशी वाटली, असं त्यांनी कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी उठून आत गेले असते. पण एखादी कविता ऐकता ऐकता माझा हात आपोआप थांबे, सूत चरख्याच्या चातीवर गुंते, आणि मग सर त्या कागदावर लाल पेन्सिलीनं हळूच एक टिंब देत.

हे टिंब कशाचं, ते मला वर्षभर कळलं नाही. मग एकदा मालक मागावरूनच म्हणाले, "सर, या महिन्यात कविता लय चांगल्या आल्या वाटते. मले कांड्या कमी पडून राहिल्या." सर चोरी पकडल्यासारखे लाजले, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्यांच्या प्राचार्यांची कविता माझं चाक न थांबता निघून गेली होती. सरांनी ती परत पाठवली आणि प्राचार्यांनी वर्षभर त्यांना भर दुपारचे तास दिले. मला तर घामच फुटला. एवढ्या मोठ्या माणसाचं मासिक माझ्या हातावर चालत होतं.

सरांचं स्वतःचं एकच पुस्तक निघालं होतं, त्यालाही तेरा वर्षं झाली होती. दुसऱ्यांच्या कविता निवडता निवडता यांची आटली, असं लोक बोलत. एका रविवारी सकाळीच सरांच्या बाई माझ्याकडे आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "आज ते सोताची कविता मधात घालून आणणार हायेत. पुस्तक काढाचं का लिहिणंच सोडाचं, ते तुह्या चाकावर ठरवणार म्हणतेत. थांबव वं, बाई. माह्यासाठी एकडाव."

मला कोणाला नाही म्हणता येत नाही. सर आले, तीन कविता वाचल्या, चौथी काढली तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी ओळखलं. कविता संपत आली तसं मी चाक थांबवलं आणि मान खाली घालून बसले.

सरांनी टिंब दिलं नाही. चातीवरची कांडी काढून बोटांत फिरवून पाहिली. सूत कुठे गुंतलेलं नव्हतं. सवयीनं मी आधी ती काठोकाठ भरली होती आणि मगच थांबले होते.

"वहिनी," ते अगदी हळू म्हणाले, "आज पुरी भरून थांबलात."

कागदाची घडी करून त्यांनी खिशात घातली आणि पुढची कविता वाचायला घेतली. ते माझ्यावर रागावले नाहीत. पुढच्या रविवारीही आले, सर निवृत्त होऊन शहराबाहेर बेसाकडे राहायला जाईपर्यंत येत राहिले, पण स्वतःचा कागद त्यांनी पुन्हा आणला नाही. दुसरं पुस्तक निघालंच नाही. त्यांच्या बाई आणि मी त्याबद्दल एकमेकींशी कधी बोललो नाही.

लोकांच्या कितीतरी कवितांच्या ओळी मला अजून पाठ आहेत, भाकरी थापताना येतात. सरांच्या त्या कवितेतला मात्र एक शब्दही आठवत नाही. ते वाचत होते तेव्हा माझं सारं लक्ष, चाक कुठे थांबवायचं, याकडेच होतं. ती ऐकली असती, तर हात आपणहूनही थांबला असता कदाचित.