ब्रेकला घातलेलं खोबरेल
विळीला खोबरेलाचा हात फिरवला की अजूनही मला आमची जुनी मोटरसायकल आठवते. मी कसालची, लग्न होऊन तोंडवलीला आले. खाऱ्या वाऱ्यात इथे लोखंड टिकत नाही, म्हणून सासूबाई विळी, कोयता, दाराच्या कड्या, सगळ्याला खोबरेल लावायच्या आणि मलाही तेच शिकवलं होतं. नवऱ्याच्या गाडीचा पुढचा ब्रेक गंजून कधीचाच अडकला होता आणि मागचा दाबला की करकरायचा. एका सकाळी कोणाला न विचारता मी मागच्या चाकाच्या फटीतून अर्धी वाटी खोबरेल ओतलं. त्याच दिवशी सासूबाईंना मागे बसवून नवरा कुणकेश्वराला निघाला आणि गावाबाहेरच्या पहिल्याच उतारावर ब्रेक लागला नाही. त्याने गाडी कडेच्या वाळूत घातली म्हणून दोघं वाचली. घरी येऊन त्याने चाक उघडलं, वास घेतला आणि विचारलं, "ब्रेकाक त्याल कोणी घातल्यान?" सासूबाई सोललेल्या कोपरावर हळद दाबत म्हणाल्या, "मियां घातलंय. करकरत होतो." मागाहून चुलीपाशी मी रडायला लागले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "लोखंडाक त्याल लावूक तुका मियांच शिकवलंय. मगे चूक कोणाची?" आता नव्या गाडीचे दोन्ही ब्रेक मी स्वतः उभी राहून मेकॅनिककडून साफ करून घेते. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली. नवरा मात्र अजून पाहुण्यांना हसत सांगतो, "आमच्या आयेन एकदा ब्रेकाक त्याल घातल्यान," आणि मी चहाचं निमित्त करून आत जाते.