सळई वर हवी
कतारात आठवड्याचा कामाचा पहिला दिवस रविवार, आणि शैलजाच्या घरात तो बहुतेक वेळा एका पायमोज्यावरून सुरू होई.

"आई, वेअर इज माय अदर सॉक?" ईराने आतून विचारलं.

"जिथे भिरकावलास तिथे," तव्यावरची पोळी उलटत शैलजा म्हणाली. प्रताप गाडीची किल्ली शोधत होता. किल्ली त्याच्याच खिशात होती. शैलजाला ती दिसत होती, पण लग्नाला एकोणीस वर्षं झाली की बायको लगेच सांगत नाही.

तेवढ्यात दारावर थाप पडली. सकाळी सव्वासहाला? प्रतापने दार उघडलं. बाहेर निळ्या कपड्यातला, काखेत हेल्मेट धरलेला एक माणूस उभा होता. धुळीने माखलेले बूट त्याने पायरीवरच काढून ठेवले होते.

"ताई हायत का? मी महिपती. शेजारच्या व्हिलाचं लोखंड बांधतो. गुरुवारी ताई गच्चीवरून वरडल्या, ते मलाच."

प्रतापने बायकोकडे पाहिलं. "तू लोकांवर ओरडतेस?"

ओरडली होती खरी. दोह्याच्या अल गराफा भागातल्या एका व्हिलाचा वरचा मजला यांनी भाड्याने घेतलेला, त्यामुळे गच्ची हक्काची. एप्रिलचं ऊन वाया कसं घालवायचं म्हणून गुरुवारी तिने कुरडया घातल्या होत्या. शेजारच्या बांधकामावर तिघं जण पुढे आलेल्या बाल्कनीच्या सळया बांधत होते. आधी कानावर मराठी पडली, मग डोळ्यांना सळया दिसल्या. मुख्य सळया खाली बांधल्या होत्या. "अहो दादा, बाल्कनीची सळई खाली कशी? वर हवी!" तिघांनी मान वर केली. हातात सोऱ्या घेतलेली बाई पाहून ते हसले, आणि एक जण "बरं, ताई" म्हणाला.

"तवा हसलो," महिपती म्हणाला, "पर दोन दिस जीव थाऱ्यावर न्हाई. बाकीच्या स्लॅबला खालीच बांधतो, म्हणून हितंबी बांधली. फोरमन म्हणतो, कुरडया घालणाऱ्या बाईचं काय ऐकतो, यल्ला, चल, काम कर! आज धाला स्लॅब टाकणार. मला पटवा, मी थांबवतो."

शैलजा मोरीतली बादली घेऊन आली. भरलेली. "हात सरळ पुढे करा, आणि धरा."

महिपतीने बादली धरली. हात हळूहळू खाली वाकू लागला.

"ताण कुठे येतोय?"

"खांद्यावर. वरच्या अंगाला."

"हात म्हणजे बाल्कनी. ताण पेलायला लोखंड कुठे हवं?"

महिपतीने बादली खाली ठेवली आणि खांदा चोळला. "वीस वर्षं लोखंड बांधतोय. हे कुणी सांगितलं न्हाई बघा." मग म्हणाला, "हेच कागदावर काढून द्या. साहेब नवाला येतो."

शैलजाने ईराच्या वहीचं पान फाडलं. "हे! दॅट्स माय मॅथ्स!" ईरा ओरडली. चार रेघांत आकृती तयार झाली.

"खाली नाव लिवा, अन् इंजिनेरच्या लायसनचा नंबर. हितं नंबर बघत्यात."

पेन थांबलं. नाशिकला चार वर्षं तिने सिव्हिल इंजिनिअर म्हणून साइट पाहिली होती, कामगारांबरोबर शेवभाजी खाल्ली होती. मग लग्न, दोहा, ईरा. "नंबर नाही माझ्याकडे," ती म्हणाली.

"मग नुसतं नाव लिवा. नावाला कुठं लायसन लागतं?" शैलजाने नाव लिहून पान त्याच्या हातात दिलं.

त्या दिवशी वाळवायला काही नसताना शैलजा चार वेळा गच्चीवर गेली. काँक्रीटची गाडी आली, पोट फिरवत तासभर उभी राहिली आणि तशीच परत गेली. दुपारी तिघं जण सळयांच्या गाठी सोडताना दिसले. खाली आमटी करपली. तिने ती ओतून दिली आणि गुणगुणत दुसरी केली.

संध्याकाळी महिपती साहेबांनाच घेऊन आला. जहूरसाहेब लाहोरचे. फुटबॉल विश्वचषकाच्या तयारीने गावातले निम्मे इंजिनिअर स्टेडियमकडे आणि मेट्रोकडे ओढून नेले होते, आणि उरलेल्या चार साइट्स यांच्या एकट्याच्या डोक्यावर. चहाचा कप हातात धरून ते म्हणाले, "बहन, नक़्शे में सरिया ऊपर ही था. देखना मुझे चाहिए था. हमारे दफ़्तर को सुबह के वक़्त नक़्शे जाँचने वाला चाहिए. आप लाइसेंस ले लीजिए, फिर फ़ोन कीजिए."

"इन्शाल्ला," महिपतीच मधे म्हणाला.

जेवायला बसल्यावर प्रतापने विषय काढला. "बस की लायसन्सच्या परीक्षेला! मी दिली तेव्हा तू तीन महिने माझ्या डोक्याला तेल चोळत होतीस. आता मी चोळतो."

"आधी स्वतःची किल्ली शोधा. आणि डिग्रीवर शिक्के मारून आणायचे, फॉर्म भरायचे..."

"डिग्री आहे कुठे?"

"पैठणीच्या घडीत." पोळीचा तुकडा ती ताटात नुसताच फिरवत होती. "अहो, वीस वर्षं झाली पुस्तक उघडून. नापास झाले तर? हळदीकुंकवाला बायका वाणाआधी निकाल विचारतील."

"त्यांना सांग, जहूरसाहेबांनाही सळई दिसली नव्हती."

"पण आई," ईरा म्हणाली, "व्हॉट इफ यू वेअर राँग टुडे? त्यांनी सगळं उगाच तोडलं असतं."

"चुकले नव्हते," शैलजा चटकन म्हणाली.

परीक्षेच्या नावाने संध्याकाळपासून तिला धास्ती वाटत होती. सकाळी पान फाडताना मात्र ती नव्हती. गाडी परत गेली तेव्हाही नव्हती. हे तिचं तिलाच आत्ता कळलं, आणि तिला हसू आलं.

तिने टेबलाकडे पाहिलं. एका बाजूला प्रतापचा लॅपटॉप, ईराचे चार्जर, लोणच्याची बरणी, इस्त्रीला द्यायचे शर्ट. तिने बरणी उचलून ओट्यावर ठेवली, शर्ट प्रतापच्या मांडीवर.

"बसते परीक्षेला," ती म्हणाली. "मला फक्त टेबलाचं हे खिडकीकडचं टोक द्या. तिथे कुणी काही ठेवू नका."