पंचफुलाकाकूंची लवकी

पंचफुलाकाकू लवकी, म्हणजे दुधी भोपळा, चिरायच्या आधी तिच्या देठाकडचा नखाएवढा तुकडा तोंडात टाकायच्या आणि डोळे घट्ट मिटून उभ्या राहायच्या. बघणाऱ्यालाच धडकी भरायची. गोड लागली की सुस्कारा सोडून म्हणायच्या, "कडू असन तं पयले माह्या तोंडात असू दे." मग कुठे विळी पुढे ओढायच्या.

इतकी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही. शेलूबाजारला जाताना जीपमध्ये समोरची दांडी अशी धरायच्या की उतरताना बोटं सोडवावी लागत. कुलूप लावून निघाल्या की अर्ध्या वाटेवरून परत. मी शेजारीण, त्यात तोंडाची फटकळ. त्यांची यथेच्छ थट्टा करायचे. लवकीची मात्र कधी केली नाही, कारण ती भीती कुठून आली ते साऱ्या गावाला ठाऊक होतं.

नव्या नवरी असताना त्यांनी चिरलेली एक लवकी कडू निघाली. फेकली तर सासू बोलेल, म्हणून त्यांनी गूळ आणि दाण्याचा कूट घालून ती शिजवली. तरी कडसर लागलीच. पण सासरे 'कडू अंगाला चांगलं' म्हणत आणखी मागून जेवले. दुपारी त्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या. जीपमध्ये घालून वाशीमला नेलं म्हणून वाचले. पुढे काही वर्षांनी ते भलत्याच दुखण्यानं गेले, पण गावानं तेही लवकीच्याच नावावर लिहिलं. काकूंची नणंद यमुनाबाई त्याच गावात दिलेली. तिनं त्या दिवसापासून भावजयीच्या घरी पाण्यापलीकडे काही तोंडाला लावलं नाही. काकूंची परसबाग गावात सगळ्यात हिरवी. पण वानोळा म्हणून दिलेली भाजी लोक घ्यायचे आणि गुरांपुढे टाकायचे. काकूंना ते माहीत होतं.

त्या हिवाळ्यात आमच्या बचत गटानं शाळेच्या पटांगणात परसबागेतल्या भाज्यांची स्पर्धा ठेवली. सचिव मीच. भाजी अखंड हवी, कापलेली बाद, हा नियमही माझाच. काकूंच्या मांडवावर हातभर लांबीची, डाग नसलेली लवकी लटकत होती. मी त्यांना भाग घ्या म्हटलं, तर घाबरून नाहीच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच कुंपणापाशी आल्या. "वंदना, भोंग्यावर माह्यं नाव घेशीन ना? लवकीसंगं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, बाईला बक्षिसाची हाव नव्हती. तिला आपलं नाव धुऊन हवं होतं.

स्पर्धेच्या सकाळी त्या दारात आल्या तेव्हा चेहरा पांढराफटक. घरच्या भाजीसाठी त्याच वेलाची दुसरी लवकी काढली होती आणि ती कडू निघाली होती. मोठी लवकी कशी आहे, कापल्याशिवाय कळणार नव्हतं. मी म्हटलं, राहू द्या, मी काहीतरी सांगते. काकू स्वतःलाच समजावल्यासारख्या म्हणाल्या, "टेबलावर ठिवाचीच तं हाय. खायाची थोडीच हाय." आणि लवकी लुगड्याच्या फडक्यात बांधून निघाल्या.

पहिला नंबर त्यांचाच आला. मी भोंग्यावर नाव घेतलं, टाळ्या पडल्या. तेवढ्यात तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांनी माईक मागितला. म्हणाले, मला शुगर आहे, रोज सकाळी लवकीचा रस घेतो. उद्याचा रस या नंबरी लवकीचाच. पुन्हा टाळ्या. मी काकूंकडे पाहिलं. त्या उभ्या राहिल्या होत्या.

त्या पुढे आल्या. "साहेब, पयले मले चाखू द्या."

मी त्यांच्या कानाशी लागले, काकू, कापली तर नंबर जाईल.

"जाऊ दे वं. मानूस गेला तं?"

पाहुणे सोडले तर काय चाललंय ते सगळ्यांना कळत होतं. काकूंनी चाकू घेतला, मीच लवकी दाबून धरली. कडू निघाली तर गावाला साऱ्या जन्माचा पुरावा मिळणार होता. काकूंनी तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"गोड हाय," म्हणाल्या आणि तिथंच खाली बसल्या.

पण लवकीला हात कोण लावणार? कुणीतरी पाहुण्यांच्या कानात जुनी हकीकत घातली आणि त्यांना एकाएकी घाईचं काम आठवलं. नंबर नियमाप्रमाणे वांग्यांना गेला. बायका उठायला लागल्या, तशी मागच्या रांगेतून यमुनाबाई आली आणि काकूंसमोर हात पसरून उभी राहिली. काकू लवकी पदराआड घेऊन नको नको म्हणत राहिल्या. तिनं ती ओढून घेतली, एक फोड कापली आणि सगळ्यांदेखत कचाकचा चावून खाल्ली.

काकू काही घरी गेल्या नाहीत. नणंदेच्या मागोमाग जाऊन तिच्या ओट्यावर बसल्या आणि दिवस कलेपर्यंत तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिल्या. मी बोलवायला गेले, तरी उठेनात. शेवटी यमुनाबाई चुलीपासून उठून दारात आली.

"वयनी, मी काई मरत नाई. तव्यावर भाकर हाय. आत ये, अन् त्या लवकीची भाजी तूच टाक."