आंबिवलीच्या मशीनला कोण सांगणार?

आम्ही जुने ऑफिसवाले भेटलो की पहिली दहा मिनिटं गुडघेदुखी आणि मुलांची लग्नं. मग कोणीतरी "आंबिवली" म्हणतं आणि संपलं! एका किश्श्यातून दुसरा निघतो आणि घरची मंडळी हळूच आतल्या खोलीत सटकतात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नौपाड्यात एका दवाखान्याच्या वर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. आम्ही पाच पोरं, सर आणि आमच्या सीनियर मंदाताई. क्लायंट म्हणजे आंबिवलीचा एक कारखाना. युनिक्स मशीन तिकडे, आम्ही इकडे, मधे मॉडेम आणि त्याची वेगळी फोनची लाइन. आम्ही कोड पाठवायचो आणि रोज दुपारी एक वाजता ते मशीन आपोआप सगळा प्रोग्रॅम नव्याने बांधायचं. त्याला म्हणायचं बिल्ड. कोडचा प्रोग्रॅम करणारा कंपायलर कुठे आहे, फाइली कुठे आहेत, घड्याळ कुठल्या देशाचं, हे मशीनला आधीच सांगून ठेवावं लागायचं. ही माहिती म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स. आमच्या सगळ्या भानगडी तिथेच!

•

पहिलाच आठवडा. मी इथून हाताने बिल्ड चालवला की मस्त चालायचा. एक वाजता आपोआप सुरू झाला की रडायचा, "कंपायलर सापडत नाही!" तीन दिवस मी डोकं आपटलं.

मंदाताई म्हणाल्या, "अरे, तू लॉगिन करतोस तेव्हा तुझी सेटिंग्ज तुझ्याबरोबर येतात. एक वाजता तू डबा खात असतोस. त्या बिचाऱ्याला पत्ता कोण सांगणार?"

पत्ता स्क्रिप्टमध्येच, म्हणजे बिल्डच्या सूचनांच्या फाइलीतच लिहिला. एक वाजता बिल्ड धडाधड पास! मी असा काही ओरडलो की खालच्या डॉक्टरांनी कंपाउंडरला वर पाठवलं.

"कोणाला लागलंय?"

•

कारखान्यातले ऑपरेटर म्हात्रे. तिथल्याच गावचे, आगरी, आवाज असा की फोनची गरज नव्हती! एकदा मॉडेम बंद पडलेला, म्हणून मी त्यांना फोनवर एक ओळ सांगत होतो. PATH, मग 'बरोबर'चं चिन्ह, मग पत्ता. पाच वेळा टाइप केली, पाचही वेळा एरर.

"म्हात्रे, चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडताय का?"

"मंग! टायपिंगच्या परीक्षेला पयला आलेलो मी!"

"ती जागा काढा. युनिक्सला चालत नाही."

पलीकडे खटखट.

"काढली. पण बरी नाय दिसत."

•

मग टाइमझोन. भारत जागतिक घड्याळाच्या साडेपाच तास पुढे, तरी युनिक्सला साडेपाचच्या आधी वजा लिहून द्यायचं असतं, मी आपलं शहाणपणाने अधिक लिहिलं. मशीनचं घड्याळ अकरा तास मागे! सकाळी दहाला म्हात्रेंचा फोन.

"सायेब, मी आज कामाव आलोय ना?"

"म्हणजे काय?"

"रिपोर्टाव कालची तारीख हाय. मना आज परत यायला लागंल काय?"

•

पुढचा किस्सा मी अजून हळू आवाजात सांगतो. बिल्डच्या आधी जुन्या फाइली पुसायची ओळ होती. कुठला फोल्डर पुसायचा, ते नाव व्हेरिएबलमध्ये. त्या ओळीत मी व्हेरिएबलचं स्पेलिंग चुकलो. म्हणजे नाव रिकामं, आणि नाव रिकामं म्हणजे मशीन मुळापासून सगळंच पुसत सुटणार! एक वाजून एक मिनिटाने माझ्या लक्षात आलं. तोवर आमची स्क्रीन गोठलेली. मी आंबिवलीला फोन लावला.

"म्हात्रे, मशीन बंद करा!"

"कंची कमांड देऊ?"

"कमांड नको, वायर ओढा!"

धप्पकन काहीतरी आवाज आला. "ओढली."

मंदाताई बॅकअपच्या टेप्स घेऊन आंबिवलीला धावल्या, मागे मी. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकेक फाइल परत आणली. मी त्यांच्यामागे खिशात राजीनामा घेऊन उभा.

"काय आहे रे खिशात? आण इकडे." त्यांनी वाचला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'नाव रिकामं असेल तर थांब.'

"हे स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत घाल. आणि उद्या वेळेवर ये."

•

आणि हा शेवटचा. मंदाताई बाळंतपणाच्या रजेवर, आणि नेमका तेव्हाच मोठा डेमो! कारखान्याचे साहेब लोक आमच्या ऑफिसात खुर्च्या टाकून बसलेले. तीन वाजता बिल्ड लाइव्ह दाखवायचा होता. अडीचला मी ट्रायल घेतली. फेल! मंदाताईंनी रजेवर जाताना सांगितलेलं नवीन व्हेरिएबल घातलेलं, स्पेलिंग बरोबर, जागा नाही, तरी मशीन म्हणे असं काही नाहीच! मंदाताई तर सकाळीच डोंबिवलीच्या नर्सिंग होममध्ये दाखल झालेल्या.

सर कानात पुटपुटले, "तिला फोन केलास तर याद राख!"

तीनला पाच कमी. फोन वाजला. मंदाताईंचे मिस्टर, शाळेत भूगोल शिकवायचे.

"अभिनंदन करा, मुलगी झाली! दोघी ठणठणीत. आणि ऐका, मंदा विचारतेय, 'त्याने एक्सपोर्ट केलं का?' काय एक्सपोर्ट, कुठे, ते मला विचारू नका. पण ती हे विचारल्याशिवाय झोपायला तयार नाही!"

मी फोन तसाच सोडून कीबोर्डवर झेप घेतली. व्हेरिएबल नुसतं लिहून भागत नाही, 'एक्सपोर्ट' केलं तरच ते पुढच्या प्रोग्रॅमना दिसतं, आणि मी नेमकं तेच विसरलो होतो! तो एक शब्द लिहिला. एंटर. स्क्रीनवर भराभर ओळी धावल्या आणि बिल्ड पास!

"झालं!" मी किंचाळलो.

सर घाम पुसत धावत आले. "काय झालं? बिल्ड की बाळ?"

"दोन्ही, सर! दोन्ही नॉर्मल!"