पाचव्या गल्लीतला अर्ज

आमच्या आतोबांइतक्या थाटात ज्याचे दिवाळे निघाले असा माणूस सबंध खानदेशात दुसरा नसेल, आणि असलाच तरी दिवाळे निघाल्यावर तो त्यांच्याइतका ताठ मानेने चालत नसणार. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मूळचे दोंडाईच्याकडचे, पण संसार धुळ्यात. तिथे त्यांचा गोळीसोड्याचा कारखाना होता. कारखाना हा त्यांचा शब्द. एक यंत्र, दोन पिंपे आणि बनियनवर उभे आतोबा, एवढाच तो कारखाना. पण धुळ्याच्या उन्हाळ्यात कोणी तहानलेला दिसला की आतोबा बाटली फोडून त्याच्या हातात देत आणि पैसे विचारले की रागावत. लग्नघरी सोडा फुकट, कीर्तनकाराला फुकट, कीर्तनकाराच्या तबलजीला दोन बाटल्या. स्वतःसाठी मात्र ते सगळे उधारीवर घेत आणि एक लागत असेल तिथे सहा घेत. सहा सदरे, सहा छत्र्या. एकदा त्यांनी सहा कंदील आणले होते, आणि घरात खोल्या दोन. देश स्वतंत्र झाला त्याच पावसाळ्यात कारखाना बुडाला. आतोबा पुढे कितीतरी वर्षे हे दोन्ही प्रसंग एकाच सुरात सांगत.

खरे आतोबा मला दिसले ते त्यानंतर. मला धुळ्याच्या कोर्टात कारकुनी मिळाली आणि मी जळगावहून वळकटी घेऊन आत्याकडे राहायला आलो. आतोबा तेव्हा एका जिनिंगमध्ये कापूस तोलायच्या काट्यावर नोकरी करत होते आणि जुने देणे फेडत होते. ज्याचे पैसे द्यायचे आहेत तो समोरून आला की लोक गल्ली बदलतात. आतोबा रस्ता ओलांडून त्याला गाठत. भर बाजारात त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगत, की या महिन्यात तुमचा एक रुपया येईल, पुढच्या महिन्यातही एकच येईल, गुडघा कसा आहे? शिंप्याला हे इतके असह्य झाले की एक दिवस त्याने हात जोडले आणि राहिलेले सगळे सोडून दिले म्हणाला. आतोबा असे भडकले की मला वाटले आता मारामारी होते. "माफ करणारा तू कोण?" ते म्हणाले. "माझं देणं आहे, ते मी देणार." पुढे तीन वर्षे शिंपी बिचारा निमूटपणे रुपया घेत राहिला. मी रोज कोर्टात देणे नाकारणारी माणसे पाहत होतो. संध्याकाळी घरी येऊन ह्या माणसासमोर जेवायला बसलो की मला आपोआप मांडी नीट घालावीशी वाटे.

शेवटचा रुपया फिटला त्या आठवड्यात आतोबांनी मला समोर बसवले, कोरा कागद पुढे ठेवला आणि अर्ज लिहायला सांगितला. मला वाटले, सरकारदरबारचे काही असेल. अर्ज होता पाचव्या गल्लीतल्या किराणा दुकानाच्या शेठजींना. विषय, उधारीचे खाते पुन्हा उघडून मिळणेबाबत. किराणा दुकानात लेखी अर्ज करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. शिवाय आतोबांनी त्यावर लावायला कोर्ट फीचा स्टॅम्प आणून ठेवला होता. मी म्हटले, आतोबा, आता पगार आहे, रोख घ्या, उधारी हवी कशाला? त्यावर ते एकदम आपल्या बोलीवर आले, आणि ते बोलीवर आले की प्रकरण पोटातले आहे हे आम्हाला कळत असे.

"रोख पैसा ते चोरबी दी जास, बापू. उधार ज्याले भेटस, त्याले लोके माणूस म्हणतस."

रोख तर चोरही देऊन जातो, असे त्यांचे म्हणणे. मग त्यांनी मजकूर सांगितला. अर्जदाराने पूर्वी सदर दुकानाचे पैसे थकवले, हे अर्जदारास मान्य आहे. ते उशिरा पण पूर्ण फेडले, हे शेठजींस मान्य असावे. जामीन दोन. त्यात पहिला शिंपी आणि दुसरा दूधवाला, म्हणजे ज्यांचे पैसे सगळ्यात जास्त रखडले होते तेच. मी चाचरलो, तर म्हणाले की मला ह्यांच्याइतका ओळखतो कोण? शिंप्याने सही करताना शेरा मारला, की असा बुडवणारा पाहिला नाही आणि असा फेडणाराही. आतोबांनी तोही शेरा अर्जात घालायला लावला.

शेवटी मी विचारले, खाते कोणाच्या नावाने? आतोबांनी आत्याचे नाव सांगितले. कारण काय लिहू? त्यांनी स्टॅम्प उचलून पुन्हा सरळ ठेवला. मग हळूच म्हणाले, "लिही. माझ्या उधारीमुळे ह्या दुकानातून तिला चार बायकांसमोर रिकामी पिशवी घेऊन परत यावं लागलं."

माझी लेखणी थांबली. पाचवी गल्ली आमच्या घरामागे होती, दोन मिनिटांची वाट. आत्या मात्र उन्हातान्हात आग्रा रोडचा वळसा घालून लांबच्या दुकानात जायची. तिकडची डाळ चांगली शिजते असे ती मला सांगत असे, आणि मी ते खरे मानले होते. सात वर्षांत तिने त्या गल्लीत पाऊल टाकले नव्हते, आणि आतोबांनी त्या सात वर्षांतला प्रत्येक वळसा पाहिला होता.

शेठजींनी चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला. चालू वहीत जागा नाही, दिवाळीला नवी वही होईल तेव्हा बघू, म्हणाले. हा सभ्य नकार आहे हे मला कळले. आतोबांनी तो शब्दशः घेतला. दिवाळीला चार महिने होते. रोज सकाळी कामावर जाताना ते दुकानासमोर थांबत, शेठजींना रामराम करत आणि पुढे जात. अर्जाचा एका शब्दाने उल्लेख नाही. मला आत्याची काळजी वाटत होती. नकार आला आणि तिला कुठून कळला, तर ती रिकामी पिशवी तिच्या हातात दुसऱ्यांदा येणार होती.

वहीपूजन झाले आणि पाडव्याला शेठजींचा निरोप आला, भाभींना पाठवा. आत्याला तेव्हा सगळे सांगितले. तिने लुगडे बदलले, पिशवी घेतली आणि मला सोबत चल म्हणाली. आतोबा आले नाहीत. ते कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात पंक्चरची चौकशी करत उभे राहिले. त्यांच्याकडे सायकल नव्हती.

दुकानात चार-पाच बायका होत्या. शेठजी गादीवरून उठून उभे राहिले. "या भाभी. काय देऊ?" आत्याला घरात काय संपले आहे तेच आठवेना. शेवटी तिने पावशेर जिरे मागितले. पुडी बांधून झाल्यावर तिचा हात सवयीने कनवटीला गेला. शेठजी म्हणाले, "राहू द्या, लिहितो." आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिचे नाव उच्चारत त्यांनी कोऱ्या पानावर लिहिले. आत्या त्या पानाकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हते.

घरी ती मागच्या दोन मिनिटांच्या वाटेने आली, सावकाश, ओळखीच्या दारांशी थांबत, बोलत. आतोबा वीस पावले मागे होते. मी मागे वळून पाहिले, तर ते उपरण्याने डोळे पुसत होते आणि मी बघतो आहे हे कळल्यावर धुळीला शिव्या देऊ लागले.

आता दोघेही नाहीत. मी जळगावला परत आलो त्यालाही पुष्कळ वर्षे झाली. दुकानदार माझी उधारी सहज लिहून ठेवतात, आणि अशा वेळी मला दर खेपेला आपण फार स्वस्तात माणूस झालो असे वाटते. आतोबांची आठवण आली की त्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ डोळ्यांसमोर येते. उजाडताच ते अंघोळ करून, टोपी घालून, जिऱ्याचे पैसे मुठीत घेऊन निघाले होते. आता एका दिवसाचेही देणे नको, असे त्यांचे चालले होते. आत्या चुलीपुढून उठली आणि दारात आडवी उभी राहिली. नवऱ्याची वाट तिने तेवढी एकदाच अडवली.

"थांबा हो," ती म्हणाली. "महिनाभर तरी राहू द्या माझ्या नावावर."