तेजलचे उपास

हिरामणच्या कामाचा विषय निघाला की बदलापूरच्या कात्रपातल्या त्यांच्या बिल्डिंगमधली पोरं तोंडावर हात धरून हसायची. "उंदीरवाले काका" म्हणायची त्याला. तो रागवायचा नाही. "गणपतीच्या गाडीचा ड्रायव्हर आहे मी, नमस्कार करा," असं म्हणून तो जिना चढायचा.

अंबरनाथच्या आनंदनगरात एका कंपनीची प्रयोगशाळा आहे. तिथं औषधांच्या अभ्यासासाठी उंदीर पाळतात. त्यांचं खाणं, पाणी, पिंजऱ्यातला भुसा बदलणं, वजनं करणं, हे सगळं हिरामणकडे. आत जाताना आंघोळ, बाहेर येताना आंघोळ. देशावरचा शेतकऱ्याचा मुलगा, गुरांत वाढलेला. मुक्या जिवाला कधी काय हवं ते त्याला पटकन कळायचं. सकाळी दार उघडलं की तो पहिल्यांदा हात जोडायचा, मग हातमोजे घालायचा. उल्हासनगर कॅम्प पाचवरून येणारा कैलास त्याच्याबरोबर कामाला. तो म्हणायचा, "अरे दादा, जिनको सुई टोचनी है उनके पाया पडतोस?" हिरामण म्हणायचा, "म्हणून तर पडतो."

खोलीच्या कोपऱ्यातली एक मांडणी मात्र वेगळी होती. तिथले उंदीर जाडे. लोळागोळा होऊन पडलेले, आणि जागे असले की तोंड सतत चालू. त्यांचा भुसा रोज ओला व्हायचा, म्हणून रोज बदलावा लागायचा. कैलासनं त्यांना नाव ठेवलं होतं सेठ लोग. "जा, सेठ लोगांचं बिछाना बदल," असं तो ओरडायचा. हिरामण त्या मांडणीपाशी गेला की त्याचं हसू मावळायचं. कारण तसंच एक लेकरू त्याच्या घरी होतं.

तेजल आठ वर्षांची. जन्मली तेव्हा चारचौघांसारखी. पण दूध पिऊन झालं की दुसरी बाळं झोपतात, ही रडायची. पुन्हा पाजलं की पुन्हा रडायची. दोन वर्षांची झाली तेव्हा लोक गाल ओढून म्हणायचे, बाळसं धरलंय हो. चार वर्षांची झाली तेव्हा तेच लोक म्हणायला लागले, जरा आवरा हिला. आता ती दोन माळे चढताना मधे बसायची. शाळेत तिला कोणी नावानं हाक मारत नव्हतं. घरात कणकेचा गोळा कच्चाच गायब व्हायचा. निरंजनातलं तूप बोटानं पुसलेलं असायचं. एकदा तर गव्हाच्या डब्यात हात घालून मूठभर कोरडे गहू चावत बसलेली सापडली.

तिची आई अंजनी. हिरामणच्या सख्ख्या मामाची मुलगी. ती पाळण्यात होती तेव्हाच हिरामणच्या आईनं भावाला सांगून ठेवलं होतं, ही माझी सून. त्यांच्याकडे तशीच रीत. मामाची पोरगी असताना बाहेर बघायला गेलं तर मामा रुसायचा. दोघंही काडीसारखी बारीक. अंजनी तर उपासांनी आणखीच वाळलेली. सोमवार, गुरुवार, संकष्टी, दोन्ही एकादश्या. पोरीचं असं बघून तिनं मनाशी ठरवलं, हिची जीभ देवच ताब्यात आणील. आणि आपल्याबरोबर तिलाही उपास धरायला लावले.

गंमत अशी, की तेजलनं एकदाही नाही म्हटलं नाही. उलट रात्री अंथरुणात शिरता शिरता विचारायची, "मम्मी, उद्या कुठला उपास?" उद्या काही नाही म्हटलं की तिचं तोंड पडायचं. शेजारच्या सुनेत्राकाकूंना तर भरून यायचं. "काय भाविक पोर गं अंजनी! आमची राजकन्या बघ, एकादशीला पण वेफर्स मागते." अंजनीचा ऊर भरून यायचा. तिला एकच अभिमान उरला होता, तो हा.

खरी गोष्ट हिरामणला माहीत होती, पण तो बोलत नव्हता. उपासाच्या दिवशी घरात साबुदाण्याची खिचडी व्हायची, शेंगदाण्याचे लाडू व्हायचे, रताळी तुपात परतायची. भातभाकरीच्या दिवशी आई वाटी मोजून वाढायची, उपासाला मात्र देवाचं म्हणून हात सैल सुटायचा. पोर उपासाची वाट बघायची ती त्यासाठी. आणि हिरामणचं स्वतःचंही एक होतंच. कामावरून येताना तो कागदात गुंडाळलेला वडापाव आणायचा. जिन्याच्या खालच्या वळणावर तेजल बसलेली असायची. ती खायची, तो तिच्या केसांवरून हात फिरवायचा, आणि कागद चुरगळून खिशात घालायचा. पोर रडताना त्याला बघवत नव्हतं, एवढीच त्याची अक्कल.

त्या संकष्टीला मात्र सगळं फुटलं. अंजनीनं मोदक करून देवापुढे झाकून ठेवले होते. चंद्र उगवायचा होता. सुनेत्राकाकू आरतीला आल्या, झाकण काढलं, तर ताट रिकामं. देवघराच्या खाली तेजल बसलेली, हाताला सारण लागलेलं.

अंजनीनं तिला मारलं. अशी कधी मारली नव्हती. "देवाआधी? अगं देवाच्या आधी? लाज नाही, भीती नाही?"

तेजल हुंदके देत म्हणाली, "देवाची भीती वाटते गं मम्मी. पण भूक जास्त लागते."

सुनेत्राकाकू आरती न करताच उठल्या. जाताना दारात म्हणाल्या, "मला वाटलं होतं पोरीला देवाची ओढ आहे." बस, एवढंच. पण अंजनीला ते चटक्यासारखं लागलं. ती देवापुढे पडून राहिली. हिरामणनं दिवा सारखा केला, दूर्वा परत वाहिल्या, आणि गुळाचा खडा नैवेद्य म्हणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत रक्ततपासणी होती. तपासणीआधी उंदरांना उपाशी ठेवतात. हिरामणनं सगळ्या पिंजऱ्यांतलं खाद्य काढून घेतलं. बाकीचे उंदीर थोडं हुंगून, भुशात घुसून झोपले. जाडे मात्र झोपेनात. त्यातला एक रिकाम्या जाळीला लटकून लोखंड चावत राहिला. घसरला, पुन्हा चढला, पुन्हा चावायला लागला. हिरामण बघत उभा राहिला. त्याला गव्हाच्या डब्यातला तो हात दिसत होता.

राजसी मॅडम नोंदी घ्यायला आल्या. वयानं लहान, बदलापूरच्याच, हिरामणला दादा म्हणायच्या. त्यानं कधी प्रश्न विचारला नव्हता. आज विचारला.

"मॅडम, हे एवढे हावरट का?"

"हावरट नाहीत हो, दादा." त्या लिहिता लिहिता थांबल्या. "आपल्या अंगातली चरबी आहे ना, ती मेंदूला निरोप पाठवते, साठा भरपूर आहे, आता पुरे. तो निरोप रक्तातून जातो. मेंदूत तो घ्यायला एक रिसेप्टर असतो. त्याचं तोंड पेशीच्या बाहेर, निरोप पकडायला. अंग पेशीच्या भिंतीत रुतलेलं. आणि एक लांब शेपूट आत, निरोप पुढे पोचवायला."

"मग यांना तो नाही?"

"आहे, पण अर्धवट. एकाच जीनपासून शरीर त्याचे आखूड, लांब असे पुष्कळ प्रकार बनवतं. आखूड अंगभर सापडतात. लांब शेपटीचा मुख्यतः मेंदूत, जिथं भूक ठरते तिथं. यांच्या त्या जीनमध्ये एक अक्षर बदललंय. तेवढ्यानं लांब शेपूट तयारच होत नाही. निरोप येतो, दारात पडून राहतो. मेंदूला वाटतं, आपण उपाशी मरतोय."

"म्हणजे यांना खरंच भूक लागलेली असते?"

"खरीच. पोट भरलेलं असतानासुद्धा."

हिरामणनं मांडणीचा दांडा धरला. "पण आपण जोडी लावतो ते नर-मादी तर बारीक असतात."

"त्यांच्याकडे एक प्रत चांगली, एक बिघडलेली. चांगलीवर त्यांचं भागतं. दोघांकडून बिघडलेलीच आली की पिल्लू असं होतं."

"माणसात असतं का हे?"

"जीन तर असतोच. उंदीर आणि माणूस यांचे पूर्वज एकच होते तेव्हापासूनचा आहे तो. पुढे दोघांत थोडा थोडा बदलला, पण मुख्य बांधणी टिकली. म्हणून तर उंदरावर अभ्यास करून माणसाचं कळतं. पण त्यात असा बिघाड माणसात फार विरळा. जाड माणसं दिसतात त्यातल्या बहुतेकांचं कारण वेगळंच असतं. अगदी जवळच्या नात्यात लग्नं होतात, तिथं कधी कधी..." राजसी मॅडमनी वर बघितलं. "का हो, दादा?"

"माझी बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी आहे," हिरामण म्हणाला. आणि मग त्यानं तेजलचं सगळं सांगितलं, पहिल्या दुधापासून कालच्या मोदकांपर्यंत. कैलास दारात येऊन उभा होता. तो काहीतरी थट्टा करणार होता, पण ऐकून स्वतःच जाड्यांच्या मांडणीतला भुसा बदलायला लागला.

राजसी मॅडमच्या ओळखीनं मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात तिघांचं रक्त दिलं. उत्तर यायला बरेच आठवडे लागले. तोवर हिरामणचा वडापाव चालूच होता, उलट दोन झाले. पोर खरंच भुकेली आहे हे कळल्यावर रिकाम्या हातानं जिना चढायचा कसा?

उत्तर आलं ते मॅडम म्हणाल्या तसंच. दोघांकडे एक एक बिघडलेली प्रत, तेजलकडे दोन्ही. डॉक्टर बोलायला मऊ होते, पण त्यांनी काही झाकलं नाही. "परदेशात एक इंजेक्शन निघालंय. आपल्याकडे सध्या मिळत नाही, मी चौकशी करत राहीन. तोपर्यंत एकच. खाणं बांधून द्यायचं. वर एक घासही नाही. हिचं काळीज आणि गुडघे हे वजन पेलणार नाहीत. स्वयंपाकघर बंद ठेवा."

"पण तिला भूक लागते ना, डॉक्टर? खरीखुरी?" अंजनीनं विचारलं.

"हो, ताई. लागते. लागतच राहील."

परतताना बदलापूर स्टेशनबाहेर अंजनी कठड्यावर बसली. "माझ्या बापाकडनं आलं, आणि तुमच्या आईकडनं. बहीणभाऊच ते. किती हौसेनं जमवलं होतं त्यांनी." तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. "आणि मी काय केलं? उपाशी माणसाला उपास सांगितले. देवासमोर मारलं."

"तू उपाशी ठेवलंस आणि मी चोरून खायला घातलं," हिरामण म्हणाला. "तिला दोघांचाही उपयोग झाला नाही."

त्यानं वडापावचं तेव्हाच सांगून टाकलं. अंजनी रागावली नाही. रागवायला तिच्यात काही उरलंच नव्हतं.

घरी आल्यावर उलटंच झालं. जी अंजनी वाटी मोजायची, तिला आता मोजवेना. तेजलनं ताटाकडे बघितलं की तीच म्हणायची, "घे गं आणखी एक भाकरी, घे." पहिल्या आठवड्यात वजन वाढलं. डॉक्टरांनी फोनवर सुनावलं. रविवारी हिरामण बाजारात गेला आणि कडी-कोयंडा, कुलूप घेऊन आला.

"मी नाही लावणार," अंजनी म्हणाली. "भुकेल्या लेकराच्या तोंडावर दार बंद करायचं? मला नाही जमायचं. अन्नपूर्णेला काय सांगू मी?"

"तू नको लावूस. मी लावतो."

स्वयंपाकघराच्या दाराला तो भोकं पाडायला बसला. अंजनी देवघरापाशी जाऊन पाठ करून बसली. सोमवार, गुरुवार तिनं स्वतःचे सोडले नव्हते, पण त्या दिवशीही आता घरात खिचडी शिजत नसे. ती नुसत्या पाण्यावर राहायची, आणि तेही पोरीला कळू द्यायची नाही.

तेजल हॉलमधून येऊन बापाजवळ जमिनीवर बसली. बसताना तिला हाताचा टेकू लागला. तिनं स्क्रूंची पुडी उचलून हातात धरली.

"पप्पा, हे माझ्यासाठी ना?"

हिरामणनं मान हलवली.

"वडापाव पण बंद?"

"बंद, बाळा."

तिनं एक स्क्रू काढून त्याच्या हातात दिला. "मी वाईट आहे म्हणून?"

"नाही गं. तू काही केलं नाहीस. तुझ्या डोक्यात निरोप पोचत नाही, डॉक्टरकाकांनी सांगितलं ना."

"तुमच्या त्या जाड्या उंदरांना पण असंच आहे ना?"

"असंच."

"मग ते रडत नाहीत?"

"रडतात. पण उंदरांचा आवाज फार बारीक असतो. आपल्या कानाला ऐकू येत नाही."

तेजलनं पुडीतले स्क्रू बोटानं चाळले. मग देवघराकडे, आईच्या पाठीकडे बघून हळूच म्हणाली, "मी पण तसंच रडत जाईन. मम्मीला ऐकू नाही जाणार."

हिरामणला पुढचा स्क्रू भोकात बसवता येईना. तेजलनं तो त्याच्या हातातून घेतला, भोकावर नीट धरला आणि म्हणाली, "फिरवा, पप्पा."